निकिता हे पुरुषाचं नाव कसं?

रशियन शिकवते म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह पुरुष होते, मग त्यांचं नाव निकिता कसं?

आपल्याकडे सुनीता, कविता यांच्या ओळीत निकिता बसते, म्हणून कानाला ते मुलीचं वाटतं. रशियात मात्र हे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचंच नाव आहे. मूळ ग्रीक निकेतास. ऑर्थोडॉक्स चर्चबरोबर ते स्लाव लोकांत आलं आणि शेवटचा ‘स’ गळून गेला. इल्या, फोमा, लुका, कुज्मा ही पुरुषांची नावंही तशीच घडली. युक्रेनमध्ये त्याचं मिकिता झालं. चौथ्या शतकातल्या हुतात्मा संत निकिताचा दिवस रशियन चर्च २८ सप्टेंबरला पाळतं.

आणि हे नाव काही फक्त बड्यांचं नव्हे. रशियातल्या तुला शहराचा लोहार निकिता देमिदोव्ह पीटर द ग्रेटसाठी बंदुका घडवता घडवता उरलमधल्या लोखंड कारखान्यांचा मालक झाला. चर्चच्या विधींत बदल करून सगळा रशिया ढवळून काढणारा पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, निकोन हा शेतकऱ्याचा मुलगा. संन्यास घेण्याआधी तोही निकिताच.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो एका निकिताचा मुलगा. अफानासी निकितिन, म्हणजे निकिताचा अफानासी. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास घोडा विकायला घेऊन आपल्या चौल बंदरात उतरला. लोक उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने फिरतात, आपण जिथे जातो तिथे गोरा माणूस बघायला मागे गर्दी लागते, असं त्याने लिहून ठेवलंय. जुन्नरला तो पावसाळ्यात अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल! जुन्नरचा पाऊस पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. निकितिन बधला नाही. शेवटी एका खुरासानी माणसाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला.

परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला, त्वेरला पोचलाच नाही. त्याच्या वह्या मात्र मॉस्कोला पोचल्या. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागकडे गेलात तर जरूर बघून या.