भुऱ्या गेल्यानंतर

इंदूर, रविवार रात्र

‘झोपेतच शांतपणे गेला तर बरं,’ आमच्या भुऱ्या कुत्र्याच्या आजारपणात घरी येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. आईसुद्धा. मला आता वाटतं, त्या इच्छेत आपलीच सुटका जास्त असते. निर्णय घ्यायला नको, एवढंच हवं असतं. मूत्रपिंडं निकामी झालेलं कुत्रं सहसा असं झोपेत जात नाही. मळमळ होते, तोंडात व्रण येतात, श्वासाला उग्र वास येतो, अंग रोज थोडं झिजतं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं एरवी गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची साधारण पाऊण ताकद संपलेली असते, म्हणून घरच्यांना ते एकाएकी आल्यासारखं वाटतं.

आणि कुत्री दुखणं लपवतात. भुऱ्या एकदाही कण्हला नाही. रात्री जागा बदलत राहायचा, गार फरशीवर धापा टाकत बसायचा, पाठीवर हात ठेवला की अंग ताठ करायचा. ते वाचायला शिकावं लागलं.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेली पट्टी. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जायला हरकत नाही. जीवाला मार्क देणं आईला अजिबात पटलं नाही. पण रोज रात्री आम्ही दोघी बसायचो आणि ‘आनंद’ या ओळीवर अडायचो. ती म्हणायची, मी आले की शेपूट हलवतो ना! मी म्हणायचे, अगं, पण उठत नाही. शेवटी तिनेच दह्याची वाटी परत आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘फोन कर डॉक्टरांना.’

डॉक्टर लोकमान्य नगरातल्या आमच्या घरीच आले, याचं मला फार समाधान आहे. मरण म्हणजे काय, हे भुऱ्याला आपल्यासारखं कळत असेल असं मला वाटत नाही. उद्याची चिंता त्याला नव्हती. पण दवाखान्याचं ते चकचकीत टेबल, तिथला वास, अनोळखी हात यांना तो नक्की भ्यायचा. तेवढं तरी आम्हाला टाळता आलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. काय काय दिसेल ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डोळे मिटत नाहीत, लघवी होते, श्वास थांबल्यावरही एखादा खोल उसासा येऊ शकतो, स्नायू थरथरतात, पण त्याला ते जाणवत नसतं. तो उसासा आला. आधी माहीत नसतं तर मी मोडून पडले असते.

मामाच्या शेतात, महूच्या रस्त्याला, त्याला पुरलं. खड्डा खोल घ्यायला लावला, कारण औषध शरीरात राहतं आणि दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुत्र्यासाठी इतकं? आई शांतपणे म्हणाली, ‘साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, काकू.’

आता प्रश्न चिंगीचा, आमच्या दुसऱ्या कुत्रीचा आहे. ती जेवण अर्धं टाकते, झोपून राहते, मी खोलीतून उठले की मागे येते. इटलीत कुत्री पाळणाऱ्या 426 जणांना विचारून केलेलं एक संशोधन 2022 मध्ये आलं. घरातलं एक कुत्रं गेल्यावर मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांच्या वागण्यात मालकांना बदल दिसले होते, त्यांत हेही होते. दोघं किती वर्षं एकत्र राहिली याने फरक पडला नव्हता. त्यांचं आपसात किती पटत होतं, त्याने पडला होता. हे वाचून मी खूप रडले, कारण या दोघांचं फार पटायचं. तिला भुऱ्याचं काय झालं हे कळलंय का, मी सांगू शकत नाही. तो नाही, हे मात्र तिला कळतं.

तिची फिरायला जायची वेळ बदललेली नाही. जेवताना कोणीतरी जवळ बसतं. दुसरं पिल्लू आणा असं सगळे सांगतायत, पण तिच्या दुःखावर तो उपाय आहे असं मला वाटत नाही. तीही आता म्हातारी होतेय. पुढच्या आठवड्यात तिचं रक्त तपासून घ्यायचंय, या वेळी काही दिसायच्या आधीच. व्हिलालोबोसबाईंचा कागद आईने चिंगीच्या फाइलमध्ये लावून ठेवलाय.