पेशीला लेबलं लावायची तर आधी कपाटाची किल्ली मिळवा : माझा अनुभव

आठवीला 'पेशी व पेशीअंगके' शिकवताना मुलांकडून हातानं लेबलिंग कसं करून घ्यायचं असं नवीन लागलेले शिक्षक अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लेबलिंग सोपं आहे हो. अवघड आहे ते शाळेतलं सायन्सचं कपाट. त्या कपाटाचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, त्यामुळं लिहिताना गाडी सारखी तिकडंच वळणार, आधीच सांगते.

आमची अनुदानित शाळा, वर्गात साठेक पोरं. पेशी म्हटलं की वर्षानुवर्षं ठरलेलं, बाई फळ्यावर आकृती काढणार, मुलं वहीत उतरवणार, बाण ओढून केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी पिंड लिहिणार आणि परीक्षेत 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' आलं की पैकीच्या पैकी मार्क. आणि त्याच पैकीच्या पैकीवाल्या मुलाला विचारा की बाबा रे, ही पेशी असते केवढी, तर आमच्या एकानं मूठ करून दाखवली. त्याची चूक नाही, पुस्तकात आकृती तेवढीच असते ना. म्हणून मी ठरवलं की आधी कांद्याची पेशी डोळ्यांनी बघायची, जे दिसलं तेच काढायचं, आणि नावांच्या चिठ्ठ्या त्यानंतर. म्हणजे मायक्रोस्कोप पाहिजे. म्हणजे कपाट उघडायला पाहिजे.

झालं होतं असं, की माझ्या आधीचे सायन्सचे सर रिटायर झाले आणि जाताना चार्ज, म्हणजे सामान मोजून लेखी ताबा, देऊन गेले नाहीत. किल्ली भाऊसाहेबांकडं, म्हणजे आमच्या क्लार्ककडं, पाकिटात घालून, पाकिटावर सही, आणि सर गेले पुण्याला मुलाकडं. मी किल्ली मागितली तर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, चार्ज झाल्याशिवाय कशी देऊ?" चार्ज कधी होणार? "सर आले की." सर कधी येणार? यावर भाऊसाहेबांनी फक्त पंख्याकडं बघितलं. सरांना फोन केला तर ते गोड बोलले, तब्येत विचारली, आणि म्हणाले, बाई मी किल्ली ऑफिसला जमा केलीय, आता माझा काही संबंध नाही. परत भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणाले एचएम सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना विचारा. एचएम सर प्रभारी, त्यांनी सांगितलं संस्थेला पत्र टाकतो. पत्र टाकलं की नाही देव जाणे, कारण मी जेव्हा जेव्हा विचारायचे तेव्हा "टाकलंय, उत्तर आलं नाही अजून" हेच ऐकायचे, आणि आमच्या संस्थेचं उत्तर कधी येतं हे गावातल्या पोरासोरांना पण माहितीय.

संताप कशाचा, तर हे कपाट उघडतच नाही असं नव्हतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, तेव्हा बरोब्बर उघडलं होतं. पाहुणे येणार म्हणून लग्नात रुखवत मांडतात तसे मायक्रोस्कोप टेबलावर ओळीनं मांडले, टेबलक्लॉथ घातला, पाहुण्यांनी एकात डोळा लावल्यासारखं केलं (खाली स्लाईडच नव्हती!), फोटो निघाले, आणि संध्याकाळच्या आत सगळं परत आत, कुलूप. रामन साहेबांच्या नावानं दिवस आणि पोरांना हात लावायची बंदी. तेव्हा चार्ज आडवा आला नाही. हे मी भाऊसाहेबांना बोलून पण दाखवलं, तर म्हणाले, ते एचएम सरांच्या तोंडी आदेशावरून होतं. मग मला पण एक तोंडी आदेश मिळवून द्या की! तर म्हणे मॅडम तुमचं कायमस्वरूपी आहे.

मध्ये दिवाळी आली, गेली. बाकीचे धडे पुढं घेतले, पेशी मागं ठेवली. पोरं विचारायला लागली, मॅडम तो धडा सोडलाय का, आयएमपी नाही का.

खरं कारण मला फार उशिरा कळलं, ते पण आमच्या गणिताच्या ज्येष्ठ सरांकडून, स्टाफरूममध्ये डबा खाताना. ते म्हणाले, अगं किल्लीचं काही नाही, मोजणीचं आहे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, जेवढ्या वस्तू लिहिल्यात तेवढ्या आत नाहीत असा सगळ्यांना संशय आहे, आणि जो उघडून सही करेल त्याच्या नावावर कमी भरणार, उद्या ऑडिटमध्ये वसुली निघाली तर त्याच्या पगारातून. म्हणून कोणीच हात लावत नाही. इतके दिवस मला 'नियम' म्हणून सांगत होते ती नुसती भीती होती! आणि भीती आहे हे कोणी तोंडानं म्हणेना. म्हणलं असतं तर त्याच दिवशी काहीतरी मार्ग निघाला असता, मी काय त्यांच्या पगारावर उठले होते का.

मग सरांनीच वाट सांगितली आणि हीच या सगळ्या लिखाणातली कामाची गोष्ट आहे, ज्यांचं कपाट अडकलंय त्यांनी इथंच लक्ष द्या. एचएमना लेखी अर्ज द्यायचा. त्यात किल्ली मागायचीच नाही. लिहायचं की प्रयोगशाळा साहित्याची प्रत्यक्ष पडताळणी करण्यासाठी तीन शिक्षकांची समिती नेमावी आणि साहित्य 'जसे आहे तसे' माझ्या ताब्यात द्यावे. अर्ज आवकला, म्हणजे ऑफिसात आलेल्या पत्रांच्या रजिस्टरला नोंदवायचा, आवक क्रमांक घ्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. तोंडी विचारणं आणि आवक क्रमांक पडणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे, मी आधी तोंडीच भांडत बसले होते ते हवेत गेलं. अर्जाला नंबर पडला आणि एचएम सरांची भाषाच बदलली. चार दिवसांत समिती झाली, गणिताचे सर, पीटीचे सर आणि मी.

उघडलं. वास असा आला की पीटीचे सर दोन पावलं मागं. रजिस्टरला मायक्रोस्कोप ६, आत ५. त्यातल्या एकाचा आरसा गायब, एकाच्या भिंगावर बुरशी, पावसाळ्यात बंद कपाटात दुसरं काय होणार. तीन चांगले. आम्ही प्रत्येक ओळीपुढं 'आढळले', 'आढळले नाही', 'नादुरुस्त' असं लिहीत गेलो, खाली तिघांच्या सह्या, एचएमची प्रतिस्वाक्षरी, आणि माझा चार्ज 'आढळले' एवढ्याचाच. कमी भरलेल्याचं काय ते ऑफिस आणि संस्था बघेल. सगळं मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत उरकलं. एवढ्याशा कामासाठी अर्धं वर्ष!

(सिलिका जेलच्या पुड्या आता मी भिंगांच्या डब्यात टाकून ठेवते. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवायला मुलांना सांगितलंय, फक्त फोडायच्या नाहीत.)

बरं आता धडा. आयोडीनची बाटली कपाटात होती पण तिचा काही भरवसा वाटेना, मेडिकलमधून टिंचर आयोडीन आणलं आणि पाणी घालून फिकट चहाच्या रंगाचं केलं. कांद्याची फोड घ्यायची, मांसल पापुद्र्याच्या आतल्या खोलगट बाजूनं पातळ पारदर्शक साल चिमट्यानं ओढायची, लगेच पाण्यात टाकायची नाहीतर वाळून गुंडाळी होते. स्लाईडवर एक थेंब पाणी, त्यात साल सपाट, थेंबभर आयोडीन, आणि कव्हरस्लिप तिरकी धरून सुईच्या आधारानं सावकाश खाली सोडायची. आपटली की बुडबुडे. आणि बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचा गोल, इतका रेखीव की अर्धा वर्ग ओरडतो मॅडम पेशी दिसली! खऱ्या पेशी लांबट, एकमेकींना चिकटून, आणि आत पिवळट तपकिरी ठिपका, बहुतेक वेळा कडेला सरकलेला. तो केंद्रक. पुस्तकात तो मधोमध असतो म्हणून मुलांना हा कडेचा ठिपका खोटा वाटतो.

आधी १० च्या भिंगावर बघायचं, डोळ्याकडचं भिंग पण १० चं, म्हणजे १०० पट. ४० वर पहिल्यांदाच गेलात तर कव्हरस्लिप फुटलीच समजा.

साठ पोरं आणि तीन मायक्रोस्कोप, त्यामुळं बाकीच्यांना गुंतवायला व्हरांड्यात रांगोळी काढायला लावली. एका बाजूला वनस्पती पेशी, एका बाजूला प्राणी पेशी. मुली तर आहेतच पण आमच्याकडं दोन मुलं अशी रांगोळी काढतात की बघत राहावं. हिरवा रंग फक्त हरितलवकाला, जांभळा केंद्रकाला असं ठरवून दिलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहिली, पत्रिका जाड असतात, वाऱ्यानं उडत नाहीत. लोकरीचा धागा एका टोकाला भागावर, दुसऱ्या टोकाला चिठ्ठी. धागे एकमेकांवरून जाता कामा नयेत, हा परीक्षेतल्या आकृतीचा नियम जमिनीवर खेळता खेळता बसतो, मला परत सांगावा लागला नाही.

खरी मजा चिठ्ठ्यांची. प्रत्येक गटाला सगळ्या चिठ्ठ्या देते आणि मायक्रोस्कोपमध्ये बघून स्वतः काढलेल्या चित्रावर लावायला सांगते. पेशीभित्तिका लागते. केंद्रक लागतं. पेशीद्रव्य जरा वाद घालून लागतं. प्रद्रव्यपटलावर अडतं, कारण भित्तिका आणि पटल दोन्हींची मिळून एकच रेघ दिसते. आणि मग हातात ढीग उरतो, तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, हरितलवक. पोरं अस्वस्थ होतात. काही हुशार पोरं पुस्तकात बघून कुठंतरी लावून टाकतात, त्यांना मी विचारते, दाखव बरं कुठं दिसलं. त्या वेळचे चेहरे बघण्यासारखे असतात.

एका मुलीनं विचारलं, मॅडम कांदा वनस्पतीच ना, मग हिरवं कुठंय? कांदा मातीत वाढतो, त्या पापुद्र्यांना उजेड मिळत नाही, तिथं हरितलवकं नाहीत. पुस्तकातली वनस्पती पेशी म्हणजे सगळं एकत्र दाखवलेली पेशी, तशीच्या तशी कांद्यात सापडणार नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढताना कधी बोललेच नव्हते, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

उरलेल्या चिठ्ठ्यांवरून पुढचा प्रश्न येतोच, मग हे बघितलं कुणी? इथं इतिहास सांगायचा, आधी नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाच्या कापात बघितल्या त्या नुसत्या रिकाम्या खोल्या, आत काहीच नाही. केंद्रकाला नाव मिळालं रॉबर्ट ब्राऊनकडून १८३१ मध्ये, ऑर्किडच्या पेशी बघताना. आणि कॅमिलो गॉल्गीनं १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींना चांदीच्या क्षारानं रंग देऊन एक जाळी बघितली, तोच आपला गॉल्गी पिंड. घुबड म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरचे पण जागे झाले. पुढं कितीतरी वर्षं अनेक शास्त्रज्ञांना ती जाळी म्हणजे रंगामुळं झालेला भास वाटायची, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर १९५० च्या दशकात वाद मिटला. "म्हणजे मॅडम, त्यांच्या पण हातात चिठ्ठी उरली होती," असं आमचा मूठवाला मुलगा म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी तास संपल्याची घंटा ऐकलीच नाही, पुढच्या तासाच्या हिंदीच्या मॅडम दारात उभ्या.

अरे हो, कपाट उघडत नव्हतं तेव्हा मी फोल्डस्कोपवर थोडं काम चालवलं होतं ते सांगायचं राहिलं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमनं केलेला कागदी मायक्रोस्कोप, साधारण १४० पट मोठं दिसतं, मैत्रिणीकडून आणला होता. कांद्याची पेशी दिसते, पण डोळ्याजवळ धरून उजेडाकडं बघायचं तंत्र जमायला वेळ लागतो आणि साठ जणांत एकच म्हणजे भांडणं. तीन-चार असतील तर जरूर करा, कपाटाच्या नादी लागायची गरज नाही.

मूल्यमापनासाठी मी कोरी आकृती देणं बंद केलंय. स्वतः बघून काढलेलं चित्र, त्यावर लागलेली नावं, आणि मागच्या बाजूला न लागलेल्या चिठ्ठ्यांची यादी, प्रत्येकीपुढं का दिसलं नाही ते एका ओळीत. फार बारीक आहे, रंग दिलेला नाही, या पेशीत नसतंच, यातलं काहीतरी. वार्षिकला आकृतीचे मार्क कमी पडतील अशी भीती होती, पडले नाहीत.

हरितलवकाची चिठ्ठी लावायची असेल तर हायड्रिला आणा, विहिरीत किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. कोवळं पान अख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवायचं, आयोडीन अजिबात नको. थोडा वेळ उजेडात ठेवलं असेल तर हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेनं फिरताना दिसतात, त्यामुळं त्या दिवशी बारी लवकर हलत नाही, डबल तास मागून घ्या.