हायलाइन ट्रेल बाबांना घेऊन: प्लॅनिंग कसं केलं, माझा अनुभव

मॉन्टानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात हायलाइन ट्रेल आहे, लोगन पासवरून सुरू होतो. बाबा इकडे आले की त्यांना घेऊन हाच करायचा हे माझं पक्कं होतं, कारण अंतर जवळपास १९ किमी असलं तरी चढ त्यामानाने कमी, गाडीचा रस्ताच, म्हणजे गोइंग टू द सन रोड, तुम्हाला ६,६४६ फुटांवर नेऊन सोडतो. वाचत गेले तसं एक लक्षात आलं, हा ट्रेल उलटा प्लॅन करायचा, म्हणजे संध्याकाळी कुठे उतरणार आणि तिथून परत कसं येणार ते आधी, सकाळचं सगळं नंतर.

कारण असं की लोगन पासपासून ग्रॅनाइट पार्क शॅले या डोंगरातल्या लॉजपर्यंत साधारण १२ किमी आणि तिथून खाली द लूपला अजून साडेसहा, आणि द लूप म्हणजे त्याच गोइंग टू द सन रोडवरचं एक मोठं वळण, पण बरंच खाली. गाडी वर लावली तर आपण खाली आणि गाडी वर. शिवाय उन्हाळ्यात वरचं पार्किंग भल्या सकाळीच भरून जातं आणि लूपला जागा अगदीच थोडी. म्हणून आम्ही गाडी खाली पार्काच्या पश्चिम टोकाला ॲपगारला ठेवली आणि सकाळी लवकर पार्कची शटल बस पकडली, परतीलाही तीच लूपवरून. आम्ही गेलो तेव्हा शटल फुकट होती, नंबर लावायचा आणि बसायचं. पण शटल, पार्किंग, गाडीचं रिझर्व्हेशन या सगळ्याचे नियम वर्षावर्षाला बदलतात, त्यामुळे माझ्यासकट कोणाचाही जुना अनुभव वाचून तिकिटं काढू नका, त्या वर्षीचं पार्कच्या साइटवर बघा. आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते कागदावर लिहून घ्या, वर फोनला रेंज धरूच नका.

तारखेचं पण तसंच. हा रस्ता १९३२ मध्ये पूर्ण झाला, जवळपास ८० किमीचा आहे आणि वरचा भाग दरवर्षी बर्फ काढून उघडावा लागतो, कधी जूनच्या शेवटी, कधी जुलै उजाडतो. रस्ता उघडला म्हणजे ट्रेल उघडला असं नाही हं, तिरप्या उतारावर बर्फाचे पट्टे राहिलेले असतात आणि तिथून पाय घसरला तर थेट खाली. म्हणून मी ऑगस्टचा पहिला आठवडा धरला. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो हे माहीत होतं, पण बाबांबरोबर बर्फापेक्षा धूर परवडला.

बाबांना सगळं फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं चढ नाही ते ठीक, पण उतार किती आहे ते सांग, माझे गुडघे चढताना कधीच बोलत नाहीत." आणि प्रश्न अगदी बरोबर होता, शॅलेपासून लूपपर्यंत दोन हजार फुटांहून जास्त उतार आहे. शिवाय २००३ च्या आगीत तिथलं जंगल जळलंय, म्हणजे ऐन दुपारी सावली फारशी नाही. मग दोघांना चालायच्या काठ्या, आणि पाणी सुरुवातीपासूनच प्रत्येकी तीन लिटर, कारण शॅलेत नळाचं पाणी नाही. अस्वल अंगावर आलं तर फवारायचा तिखट स्प्रे विमानातून नेता येत नाही, चेक-इन बॅगेत सुद्धा नाही, तो पार्काजवळच्या दुकानातून घेतला आणि पिशवीत न टाकता कमरेला लावला, अस्वल समोर आल्यावर चेन कोण उघडत बसणार. अस्वलांपासून निदान १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे, म्हणजे ९० मीटरच्या वर.

सुरुवातीलाच ती कड्यातली अरुंद वाट येते, गार्डन वॉल नावाच्या डोंगरकड्याच्या पोटात कोरलेली, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली रस्ता दिसतो. धरायला नळी चढवलेली केबल आहे. बाबांना आधीच फोटो दाखवले होते म्हणून बरं, ते केबल धरून शांतपणे गेले आणि समोरून येणाऱ्यांना थांबून वाट देत होते. उंचीची भीती असणाऱ्यांना हे आधी दाखवाच, तिथे गेल्यावर समजावण्यात काही अर्थ नाही. हा भाग लवकर संपतो, पुढे वाट मोकळी, फुलं, हेवन्स पीक सतत समोर आणि डोंगरी बकऱ्या माणसांना अजिबात न बुजणाऱ्या.

शॅलेच्या थोडं अलीकडे ग्रिनेल ग्लेशियर बघायला एक फाटा वर जातो, एक किमीच आहे पण जवळजवळ ९०० फूट चढ. माझा फार जीव होता त्यात. पण घरीच ठरवलं होतं की फाट्यावर बारा वाजून गेले तर जायचं नाही, दुपारी वीज-पाऊस येतो आणि बाबांना एकटं सोडून अस्वलांच्या भागात मी वर जाणार नव्हते. साडेबारा झाले होते. बाबा म्हणाले "तू जा गं, मी बसतो इथे", मी म्हटलं "नाही बाबा, पुढे चला".

उतार आम्ही मुद्दाम हळू केला, थांबत थांबत, आणि लूपला पोचलो तेव्हा शटलसाठी मोठी रांग होती. पहिली बस भरलेली आली, दुसरीत उभं राहून जागा मिळाली, तरी शेवटची बस अजून बरीच लांब होती त्यामुळे धावपळ काही नाही. एवढा वेळ हाताशी ठेवाच.