बॅकहँडची नोंद, आठवडा 9 ते 11 : आणि मी काढून टाकलेला व्हिडिओ

आधी आकडे. या तीन आठवड्यांत आठ वेळा सर्फिंगसाठी पाण्यात उतरले. 43 लाटा पकडल्या, त्यांतल्या 17 लाटांवर बॉटम टर्न (लाटेच्या तळाशी घ्यायचं वळण) शेवटपर्यंत नेता आला. मागच्या नोंदीत हेच प्रमाण 31 पैकी 6 होतं. मी डावा पाय पुढे ठेवून उभी राहते, त्यामुळे डावीकडे फुटणाऱ्या लाटेवर माझी पाठ लाटेकडे आणि तोंड किनाऱ्याकडे असतं; यालाच बॅकहँड म्हणतात. गेले कित्येक महिने मी कमरेतून वाकत होते, गुडघ्यांतून नाही. टाचांवर वजन पडायचं, पण नजर बोर्डाच्या नाकावर खिळलेली असायची, आणि बोर्ड सरळ किनाऱ्याकडे पळायचा. आता लाटेच्या तळाशी पोचले की डाव्या खांद्यावरून वर, लाट जिथे कोसळणार आहे तिथे बघते. खांदा उघडला की कंबर मागोमाग येते आणि बोर्ड वळतो. एवढंच होतं, पण ते अंगात मुरायला मला अकरा आठवडे लागले.

6 फूट 4 इंचांचा बोर्ड अजून थोडा लहान वाटतो. पॅडल मारताना छाती खोल जाते आणि लाट हातची सुटते. त्यावर पुढच्या वेळी लिहीन.

या नोंदींत मी आधी स्वेलची (दुरून येणाऱ्या लाटांची) दिशा, पिरियड (दोन लाटांमधले सेकंद), भरतीची वेळ, वाऱ्याचा कोन असं सगळं लिहायचे. ते या वेळेपासून बंद केलं आहे. दोघातिघांनी कारण विचारलं. ते सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा बॅकहँडशी नसला तरी मी जिथे सर्फ करते त्या जागेशी थेट संबंध आहे.

चौथ्या आठवड्यात मी 38 सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला होता. जागेचं नाव दिलं नव्हतं, लोकेशन बंद होतं. माझी पहिली धड वळलेली लाट होती ती, आणि मला ती कुणाला तरी दाखवायची होती. त्या वेळी तिथे पाण्यात चार-पाच जण असायचे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी 19 डोकी मोजली. गर्दीचं मला फार वाईट वाटलं नाही, माझ्या वाटणीला लाटा कमी आल्या इतकंच. पण त्याच सकाळी एक मुलगा टेकऑफच्या (लाट पकडून उभं राहायच्या जागेच्या) आतल्या बाजूला असलेल्या खडकावर आदळला. बोर्ड मधोमध मोडला आणि त्याचा खांदा फाटला. आम्ही तिघांनी त्याला चॅनेलमधून (लाट फुटत नाही त्या खोल वाटेने) बाहेर आणलं. किनाऱ्यावर टॉवेल दाबून धरला असताना तो म्हणाला, "व्हिडिओत तर इथे खडक दिसत नव्हता."

खरंच दिसत नव्हता. मी चित्रण भरतीच्या वेळी केलं होतं, तेव्हा त्या खडकावर जेमतेम कमरेइतकं पाणी असतं आणि वरून काहीच कळत नाही. दोन सेटमधली (मोठ्या लाटांच्या दोन रांगांमधली) दहा मिनिटांची वाट मी कापली होती. चॅनेलमधून वळसा घालून मागे जाण्याची वाट कापली होती. मी स्वतः दोनदा चुकीच्या जागी बसून सेट डोक्यावर घेतला, तेही कापलं होतं. उरली होती फक्त लाट. ते 38 सेकंद खरे होते, पण त्या जागेत उतरायला जे माहीत असावं लागतं त्यातलं त्यांत काहीच नव्हतं.

मला ही जागा ज्या काकांनी दाखवली त्यांची पद्धत मला तेव्हा जाचक वाटली होती. पहिल्या दिवशी त्यांनी बोर्ड आणूच दिला नाही. पूर्ण ओहोटीला आलो, दोन तास काठावर बसलो. उघडा पडलेला खडक त्यांनी दाखवला, पाणी कुठून परत समुद्रात ओढलं जातं ते दाखवलं, आणि अमुक खूण पाण्याखाली गेल्याशिवाय उतरायचं नाही हे बजावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चॅनेलमध्ये बसून नुसती लाट बघितली. तिसऱ्या दिवशी मी पहिली लाट घेतली. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आता तू ज्याला आणशील त्याची जबाबदारी तुझी." मी एका व्हिडिओतून किती जणांना आणलं हे मला आजही सांगता येणार नाही, आणि त्यांतल्या एकाचीही जबाबदारी मी घेतली नव्हती.

नाव न देता जागा कशी सापडते, हे मी नंतर स्वतःच करून पाहिलं. एका मैत्रिणीला, जी कधीच तिथे आलेली नाही, तोच व्हिडिओ दिला आणि म्हटलं, शोध. तिला 25 मिनिटं लागली. मागे दिसणाऱ्या टेकडीची कड तिने उपग्रह चित्रांशी ताडून पाहिली, सावल्यांवरून किनारा कुठे तोंड करून आहे ते ओळखलं. उरलेलं काम माझ्या नोंदींनी केलं. 14 सेकंद पिरियडच्या स्वेलची खोल पाण्यातली तरंगलांबी सुमारे 305 मीटर असते, आणि अशी लाट साधारण 150 मीटर खोलीपासूनच तळाशी झगडू लागते. म्हणून लांब पिरियडचा स्वेल उथळ भागाभोवती जास्त वळतो, आणि ठराविक दिशेचा स्वेल ठराविक टोकाच्या मागेच स्वच्छ उभा राहतो. तारीख, दिशा, पिरियड, भरती हे चारही मी एका खाली एक लिहून ठेवलं होतं. फोटोतून लोकेशन पुसण्याचा मग काय उपयोग? शिवाय माझं घड्याळ प्रत्येक सेशनचा मार्ग नकाशावर काढून आपोआप सगळ्यांना दाखवत होतं, हे मला मैत्रिणीनेच सांगितलं. 2017 च्या शेवटी स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने जगभरातल्या हालचालींचा नकाशा प्रसिद्ध केला आणि 2018 च्या जानेवारीत लोकांना त्यात लष्करी तळ ओळखू येऊ लागले. जिथे लष्करी तळ लपत नाहीत तिथे पाण्यात रोज तोच आकडा आठ काढणारं एक घड्याळ काय लपणार.

तरीही, "सगळं गुप्त ठेवा" हे म्हणणं मला पटत नाही. हे सांगायलाच हवं, कारण व्हिडिओ काढून टाकल्यावर काही जणांनी माझी पाठ थोपटली आणि ती थाप मला नको होती.

कॅलिफोर्नियातला लुनाडा बे हा सर्फिंगचा किनारा बघा. तिथल्या मूठभर लोकांनी वर्षानुवर्षं बाहेरच्यांना धमकावलं, दगड मारले, खाली किनाऱ्यावर बेकायदा दगडी बैठक बांधली. 2016 मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी ती बैठक पाडावी लागली. "आपली जागा" हे शब्द तोंडात बसले की माणूस कुठवर जातो, ते तिथे दिसतं. समुद्र कुणाच्या बापाचा नाही. मला काकांनी जागा दाखवली कारण मी त्यांच्या ओळखीतली होते. ज्या मुलीला असे काका नाहीत, तिने काय करायचं? गुप्ततेचा हा भाग मला फार खुपतो. ओळखी असलेल्यांना चांगल्या लाटा आणि बाकीच्यांना गर्दीचा किनारा, याला नीतिमत्ता म्हणता येत नाही.

आणि लपवलेली लाट वाचतेच असंही नाही. डाना पॉइंटची किलर डाना ही लाट 1966 मध्ये बंदराच्या बांधकामाखाली गेली, ती तर सर्फर्समध्ये प्रसिद्ध होती. जी फक्त पाच जणांना माहीत आहे तिच्यासाठी उभं कोण राहणार? स्पेनमधल्या मुंडाकात 2003 मध्ये नदीच्या मुखातली वाळू उपसली गेली आणि पट्टा बिघडून लाट इतकी मोडली की 2005 ची स्पर्धा रद्द झाली. मुंडाका सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे निदान बोंब तरी झाली. पेरूने 2000 मध्ये लाटांच्या संरक्षणाचा कायदाच केला आणि 2016 मध्ये चिकामाची लाट त्याखाली नोंदली गेली. तिथे लाट वाचवायची तर तिचं ठिकाण सरकारी नोंदवहीत लिहावं लागतं. लपवून ठेवलेल्या लाटेला त्या वहीत जागा नाही. आमच्या खडकाशेजारी उद्या धक्का बांधायचा नकाशा निघाला, तर मी स्वतः नाव, अक्षांश, रेखांश सगळं ओरडून सांगेन. हे मी काकांनाही सांगितलं आहे. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तेव्हा मीही तुझ्या शेजारी असेन."

नामिबियातल्या स्केलेटन बेची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. 2007 मध्ये 'सर्फिंग' नावाच्या मासिकाने गूगल अर्थवर नवी लाट शोधायची स्पर्धा लावली आणि एका सॉफ्टवेअरवाल्याने खुर्चीत बसून जगातल्या सर्वांत लांब बॅरलपैकी (आतून पोकळ राहून कोसळणाऱ्या लाटांपैकी) एक शोधून काढला. 2008 मध्ये चित्रण बाहेर आलं आणि आता चांगला स्वेल दिसला की लोक विमानं पकडतात. उपग्रह सगळ्या किनाऱ्यांवरून जातो, तेव्हा जागा कायमची लपेल या आशेवर कुठलाच नियम बांधता येणार नाही. याच्या अगदी उलट कॅलिफोर्नियातली मॅव्हरिक्स ही प्रचंड लाट. जेफ क्लार्क 1975 पासून साधारण पंधरा वर्षं तिथे बहुतेक एकटेच सर्फ करत होते. शेवटी 1990 मध्ये त्यांनी दोन अनुभवी सर्फर्सना स्वतः सोबत नेलं. मासिकांत फोटो आले ते त्यानंतर. त्या क्रमात मला काकांचीच पद्धत दिसते. आधी सोबत नेणं, पाण्यात शेजारी बसणं, मग बाकीचं.

म्हणून आता मी काय करते ते सांगते. प्रगती लिहायची तर माझ्या शरीराबद्दल लिहिते. गुडघे, खांदा, नजर, किती लाटा, किती चुका. त्यासाठी जागा लागत नाही. चित्रण लागलंच तर जवळून, फक्त बोर्ड आणि पाय दिसतील असं, पाच-सहा दिवसांनी. सार्वजनिक, जीवरक्षक असलेल्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या किनाऱ्यांबद्दल मोकळेपणाने सगळं लिहीन, कारण तिथे नवीन माणूस सुरक्षित शिकतो. आणि कुणी थेट विचारलं तर मी "माहीत नाही" असं खोटं बोलत नाही. म्हणते, ओहोटीला भेटू, बोर्ड आणू नका. यावर बरेच जण परत उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्यासोबत जाते. हे संथ आहे, आणि गर्दी पूर्ण थांबत नाही हेही कबूल करते. आजही तिथे दहाबारा जण असतात. व्हिडिओ काढून टाकल्याने लोकांच्या डोक्यातून जागा निघून जात नाही.

पण अकराव्या आठवड्यात एक गोष्ट घडली. खांदा फाटलेला तो मुलगा परत आला. टाके निघाले होते, उसना बोर्ड हातात होता. मी त्याला ओळखलं आणि जाऊन सांगितलं की तो व्हिडिओ माझा होता. तो रागावेल अशी मी तयारी केली होती. तो फक्त म्हणाला, "मग आता दाखव."

भरती यायला तीन तास होते. आम्ही बोर्ड वर झुडपांपाशी ठेवले आणि शेवाळावर तोल सांभाळत खडकापर्यंत चालत गेलो. तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, जवळजवळ चार पावलं लांब, आणि त्याची टेकऑफकडची बाजू शिंपल्यांनी धारदार झालेली. त्याने हात फिरवून बघितला. मग त्याने विचारलं की कुठली खूण पाण्याखाली जायला हवी, आणि मी त्याला ती दाखवली.

त्या दिवशी मी चार लाटा घेतल्या, दोन बॉटम टर्न पूर्ण. त्याने एक घेतली, उजवीकडे राहून, खडकापासून लांब.

पुढच्या नोंदीत पॅडलिंग आणि बोर्डाची लांबी.