लीलाताईंचा हुकलेला अर्धा गुण

मे महिना म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, सांगलीकरांना बुद्धिबळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने गावाला लावलेलं हे वेड. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे या नामवंत बुद्धिबळपटू इथल्याच. आमचं गावभागातलं मंडळ त्या मानाने अगदीच किरकोळ. पण उन्हाळी स्पर्धेचं बक्षीस वाटप उरकलं, की रात्री गच्चीवर जे चालायचं ते मला तरी दुसरीकडे दिसलं नाही. तिथे माणसांचे नव्हे, कॉम्प्युटरचे डाव लावायचे.

सुरुवात ठरलेली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका १९७४ ची गोष्ट सांगणार. स्टॉकहोमला कॉम्प्युटर प्रोग्रॅमची पहिली जागतिक स्पर्धा, तेरा प्रोग्रॅम, आणि चारही डाव जिंकून विजेता ठरला रशियाचा ‘काइसा’. पण यंत्र होतं मॉस्कोत! खेळ्या फोनवरून कळवायच्या आणि पटावर सोंगट्या हलवायला माणूस. "लाइन तुटली असती तर?" हा प्रश्न काका स्वतःच विचारत आणि खात्याची अब्रू राखली गेल्यासारखे हसत. पोरांना मात्र त्याच स्पर्धेचं १९९५ चं हाँगकाँग आवडायचं. साध्या पेंटियम कॉम्प्युटरवरच्या ‘फ्रिट्झ’ने आयबीएमच्या अगडबंब यंत्राला हरवून विजेतेपद नेलं, ते.

सगळ्यात रंगली २०१९ ची रात्र. इंजिनांच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ऑनलाइन स्पर्धेची शंभर डावांची अंतिम लढत त्याच वर्षी झाली होती, स्टॉकफिश विरुद्ध लीला. तिला पहिल्या रात्रीपासून सगळे ‘लीलाताई’च म्हणत. स्टॉकफिश सेकंदाला कोट्यवधी स्थिती तपासणारा. लीलाताई त्याच्या तुलनेत मूठभरच बघणार, पण स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकलेली. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या, आयोजकांनी नेमून दिलेलं, आणि तेच दोघांनी आलटून पालटून पांढऱ्या-काळ्याने खेळायचं. मला ही रीत फार न्यायाची वाटते. माणसांच्या स्पर्धेत एवढी सोय कुठली!

पडद्यावर डाव थांबवायचा, पुढची खेळी ओळखायची, बरोबर आली तर भडंगाचा पुडा. स्टॉकफिशच्या खेळ्या मोठी माणसं थोड्याफार ओळखत. लीलाताईंपुढे सगळे गार. राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं पुढे दामटायची तिला भारी खोड, आणि आमच्या पिढीला तर तसं केलं की गुरुजी ओरडायचे.

निकाल ५०.५ विरुद्ध ४९.५, स्टॉकफिश विजयी. ताईंनी हरलेला एखादा डाव बरोबरीत सोडवून अर्धा गुण खेचला असता, तर पन्नास-पन्नास! गच्चीवर काही काळ खरंच हळहळ पसरली. काका म्हणाले, "ताईंना कोणी तरी चहा द्या."

त्या रात्री ते कडेचं प्यादं एकटीने ओळखलं सातवीतल्या एका मुलीने. "कसं गं सुचलं?" काकांनी विचारलं.

"बाकी सगळं तुम्ही आधीच सांगून झालं होतं ना, काका," असं म्हणून तिने पुडा फोडला.