सोल्डर पेस्टचे यंत्र: दट्ट्याने खाल्लेला महिना

सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्टचे, म्हणजे सोल्डरच्या बारीक कणांच्या लगद्याचे, ठिपके टाकण्यासाठी जुन्या थ्रीडी प्रिंटरचा हॉटएंड (प्लास्टिक वितळवणारे तोंड) काढून त्या जागी सिरिंज बसवली, तेव्हा अवघड काम संपले असा माझा समज झाला होता. एक्स आणि वाय अक्षांनी खरोखरच त्रास दिला नाही. कायकॅड या बोर्ड-आराखड्याच्या सॉफ्टवेअरने दिलेल्या पेस्ट-थराच्या गर्बर फाइलमधून (बोर्डाच्या थराचा नकाशा) पॅडची, म्हणजे भाग जिथे जोडायचे त्या धातूच्या चकत्यांची, स्थाने वाचून जी-कोड (यंत्राला हालचालीच्या आज्ञा) तयार करणारी पायथन स्क्रिप्ट दोन संध्याकाळींत लिहून झाली. प्रिंटर चालवणारे मार्लिन हे फर्मवेअर मात्र सिरिंजचा दट्ट्या हलवायला तयार होईना, कारण १७० अंशांखाली एक्स्ट्रूडर (प्लास्टिक पुढे ढकलणारी मोटर, इथे तीच दट्ट्या ढकलते) चालवू द्यायचा नाही हा त्याचा मूळचा नियम आहे. 'एम३०२ पी१' ही आज्ञा सुरुवातीलाच दिल्यावर तो अडसर दूर झाला. थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) जोडलेलाच ठेवावा, नाहीतर तापमानाची चूक दाखवून मार्लिन सगळेच थांबवते.

खरा महिना गेला तो ठिपक्याच्या आकारमानात. ०८०५ या छोट्या मापाच्या भागाचा १ × १.३ मिमीचा पॅड ०.१२ मिमी जाडीने भरायचा तर साधारण ०.१५६ घन मिमी पेस्ट लागते. माझ्या पहिल्या, १० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास सुमारे १६ मिमी असल्याने तेवढ्यासाठी दट्ट्या जेमतेम ०.०००८ मिमी सरकायला हवा. २ मिमी लीडचा (एका फेरीत २ मिमी सरकणारा) स्क्रू आणि १/१६ मायक्रोस्टेपिंग (मोटरच्या एका पावलाचे सोळा भाग) धरले तर हे अंतर जवळपास एका मायक्रोस्टेपइतके भरते, आणि एका मायक्रोस्टेपवर कोणीही विसंबू नये. म्हणून १ मिलीची बारीक सिरिंज घेतली. तिच्यात तोच ठिपका १४ मायक्रोस्टेपचा होतो आणि एका भरणीत हिशेबाने सहा हजारांवर ठिपके निघतात. आधी हा गुणाकार केला असता तर गिअर असलेली मोटर विकत घेतली नसती.

तरीही मोटर थांबल्यावर पेस्ट सुईतून येतच राहते, कारण दट्ट्याचे रबर आणि पेस्टमध्ये अडकलेली हवा दोन्ही दाबाखाली आकसतात आणि मग हळूहळू पूर्ववत होतात. आता प्रत्येक ठिपक्यानंतर दट्ट्या ०.०६ मिमी मागे घेतो, पुढच्या पॅडवर तेवढाच पुढे नेतो आणि सुई उचलण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबतो. मी वापरतो त्या टाइप ३ पेस्टचे कण २५ ते ४५ मायक्रॉनचे असल्याने ०.२५ मिमी छिद्राची २५ गेजची सुई वारंवार तुंबत होती, ०.४१ मिमीच्या २२ गेजवर आल्यापासून ती तक्रार थांबली. फ्रिजमधून काढलेली पेस्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास बंदच ठेवावी लागते, आणि दुपारी खोली तापली की तेवढ्याच मायक्रोस्टेपमध्ये ठिपका सकाळपेक्षा मोठा पडतो. याचा पक्का उपाय अजून सापडलेला नाही.

सध्या ०८०५ आणि १.२७ मिमी अंतराच्या पायांचे एसओआयसी (दोन बाजूंना पाय असलेली चिप) यांचे पॅड नीट भरतात. ०.५ मिमी अंतराच्या पायांवर वेगळे ठिपके न देता सलग एकच पातळ रेघ ओढतो आणि जोडलेले पाय नंतर सोल्डर विकने (जास्तीचे सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) सोडवतो.