विजेच्या आठ युनिटांसाठी एवढा खटाटोप!

वीज साठवणाऱ्या चुंबकाच्या कामासाठी आज दिवसभर द्रव नायट्रोजनच्या वाफेत होतो. ३० सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी बुडवली, उकळ्या थांबल्यावर चिमट्यानं काढली आणि लगेच व्हर्नियर लावला. तेवढ्यातही पांढरं दंव धरलंच. पट्टी १ मिलिमीटरहून जरा जास्त आकसली होती. स्टीलची तेवढी नाही. आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये ॲल्युमिनियमची कडी स्टीलच्या बोल्टांनी आवळलेली! म्हणजे गार झाल्यावर बोल्ट ढिले. चूक माझीच, गणित खोलीच्या तापमानाला धरून केलेलं.

वीज साठवणारं सुपरकंडक्टिंग (अतिथंड केल्यावर तारेत विजेला अडथळाच न उरणारं) चुंबक म्हटलं की सगळे तारेबद्दल विचारतात. माझी झोप उडवते ती तारेभोवतीची कडी. ५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राला चुंबकीय दाब हवेच्या दाबाच्या जवळपास १०० पट, कॉइल (तारेचं वेटोळं) सारखी बाहेर फुगू बघते. आधार जाड करावेत, तर त्यांच्याच वाटेनं उष्णता उणे २६९ अंशांवर ठेवलेल्या कॉइलमध्ये शिरते. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात तार केसभर सरकली तरी घर्षणानं तापून क्वेंच व्हायची, म्हणजे तिचं सुपरकंडक्टिंगपण एकदम जायची धास्ती.

१९८३ साली अमेरिकेत टॅकोमाला ३० मेगाज्यूलचं असं चुंबक ग्रिडला जोडलं होतं. हिशेबानं जेमतेम ८ युनिटं! आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढी तर आपला गिझर दोन-चार दिवसांत खातो." ती ऊर्जा क्षणात देता-घेता येते, हे काही तिला पटलं नाही.

उद्या बोल्टांखाली बशीसारखे स्प्रिंग वॉशर घालून बघतो.